शंभर ते चारशे: एका वापरलेल्या लेन्सचं वाचन

‘कॅनन झूम लेन्स ईएफ १००–४०० एमएम १:४.५–५.६ एल आयएस.’ लेन्सवर छापलेली ही एवढीच ओळ, आणि तिच्यात जवळजवळ सगळं आलेलं आहे. जुनी लेन्स घ्यायची म्हटलं की आपण आधी किंमत विचारतो, मग काचेवर ओरखडे शोधतो, मग विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. ही ओळ वाचायची राहूनच जाते. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची ही लेन्स सध्या माझ्याकडे पाहायला म्हणून आहे. तो मिररलेस कॅमेऱ्याकडे वळलाय, त्याला ती काढून टाकायची आहे. मला रामलिंगच्या रानात न्यायला लांब पल्ल्याची लेन्स हवी आहे. व्यवहार सोपा आहे. पण ही वस्तू कुणीतरी खूप विचार करून, एक मिळवण्यासाठी दुसरं सोडून देऊन घडवलेली आहे, आणि अशा वस्तूचं रसग्रहण केल्याशिवाय तिचं मोल ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी आकडे. १०० आणि ४०० ही नाभीय अंतरं, मिलिमीटरमध्ये. पुढचा ५.६ हा भाजक आहे. चारशेला ५.६ने भागलं की ७१ येतात, म्हणजे चारशेवर असताना उजेडाला आत यायची वाट ७१ मिलिमीटर रुंद हवी. म्हणून पुढची काच एवढी मोठी, म्हणून फिल्टरचा आटा ७७ मिलिमीटरचा, म्हणून वजन १३८० ग्रॅम. शंभरावर हीच वाट बावीस मिलिमीटरवर भागते. चारशेवर २.८ मागितलं तर ती १४३ मिलिमीटर लागते. तशा लेन्स असतात, क्रिकेटच्या सीमारेषेबाहेर एकपायी स्टँडवर ठेवलेल्या दिसतात, पण त्या गळ्यात अडकवून कुणी रामलिंगच्या पायऱ्या उतरत नाही. म्हणजे ५.६ ही कंजुषी नाही. माणसाच्या खांद्याला किती पेलतं याचा तो हिशेब आहे आणि तो प्रामाणिकपणे ओळीत लिहून ठेवलाय.

रामलिंग येडशीला लागूनच, बालाघाटच्या एका घळीत. देऊळ खाली, भोवती कडे, पावसाळ्यात देवळामागे धबधबा. सीतेला सोडवायला रावणाशी झुंजताना जटायू इथेच पडला अशी इथली श्रद्धा. भोवतालचं पानझडी रान १९९७ साली येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून जाहीर झालं. इथे फोटो काढणाऱ्याची अडचण अशी की कुठलाही विषय एका अंतरावर थांबत नाही. माकडं तर नाहीच नाही. बसलेलं अर्धा मीटर उंचीचं माकड वीस मीटरवर असेल तर चारशेवर त्याची प्रतिमा सेन्सरवर दहा मिलिमीटर उंच पडते. माझ्या लहान सेन्सरच्या बॉडीत चौकटीची उंची साधारण पंधरा मिलिमीटर, म्हणजे माकडाने दोन तृतीयांश चौकट भरली, छान झालं. तेच माकड पाच मीटरवर आलं की तेवढंच दिसण्यासाठी शंभर पुरतं. आता वीस मीटरवरून पाच मीटरवर यायला माकडाला वेळ किती लागतो? तुमच्या हातात नारळ किंवा प्रसादाची पिशवी असेल तर तीन-चार उड्या.

त्या तीन-चार उड्यांत चारशेवरून शंभरावर यायचं आहे, आणि या लेन्सची घडण इथेच मनात भरते.

बहुतेक झूम लेन्सना एक रुंद रिंग असते. ती बोटांनी फिरवायची, पल्ला मोठा असेल तर एकदा फिरवून पकड सोडायची, पुन्हा पकडायची, पुन्हा फिरवायची. या लेन्समध्ये झूमसाठी फिरवायचं काही नाही. नळीचा पुढचा भाग डाव्या तळव्यात धरायचा, पुढे ढकलला की चारशे, मागे ओढला की शंभर. विषय दूर असेल तर हात त्याच्या दिशेने जातो, विषय अंगावर आला तर हात आपोआप मागे येतो. माणूस दचकला की हात आखडून घेतोच. ही घडण त्या मूळच्या हालचालीवरच बेतलेली आहे. माकड झेपावलं, आपण दचकलो, हात मागे आला, आणि तोवर लेन्स शंभरावर येऊन माकड चौकटीत मावलेलं असतं. लेन्स १९९८ मध्ये बाजारात आली. २०१४ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली ती फिरवायची रिंग घेऊन. दुसरी आवृत्ती मोजमापाच्या बहुतेक कसोट्यांवर सरस आहे, हे मान्यच करायला हवं. ती जवळचा फोकस १.८ मीटरऐवजी ०.९८ मीटरवर करते, हाताचा थरथराट जास्त आवरते, कडेपर्यंत जास्त रेखीव आहे. तरीही ही सरळ पुढे-मागे जाणारी चाल तिने सोडली याची मला हळहळ वाटते. दुसऱ्या कुणाला वाटणार नाही कदाचित. ज्याला विमानं किंवा अंगावर येणारी जनावरं टिपायची आहेत त्याला नक्की वाटेल.

झूम आणि फोकसच्या मध्ये आणखी एक अरुंद कडी आहे. तिच्यावर एका बाजूला ‘स्मूद’, दुसऱ्या बाजूला ‘टाइट’. नळी किती सहज सरकावी हे तिने ठरवायचं. पायऱ्या उतरताना ती आवळली नाही तर खाली तोंड केलेली लेन्स स्वतःच्या वजनाने चारशेपर्यंत घरंगळते. जुनी लेन्स पाहताना ही कडी सगळ्यात आधी फिरवून बघावी. ‘टाइट’वर आवळूनही नळी सरकत असेल तर आतली पकड झिजलेली असते. या लेन्सची कडी अजून घट्ट बसते, मात्र ‘स्मूद’वर नळी मध्ये एका ठिकाणी जराशी अडते. कान लावला तर बारीक कचकच ऐकू येते. धूळ.

धुळीवरून या लेन्सला जगभर ‘डस्ट पंप’ म्हणून हिणवतात. नळी पुढे गेली की आतली जागा वाढते, तेवढी हवा फटींतून आत येते, आणि मागे आली की बाहेर पडते. ही लेन्स पेटीच्या भात्यासारखी श्वास घेते, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत येडशीच्या हवेत काय काय तरंगत असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण श्वास घेणारी ही एकटीच नाही, लांबी बदलणारी प्रत्येक झूम लेन्स हवा आत ओढते. ही चटकन सरकते म्हणून जोरात ओढते, इतकंच. पुढच्या काचांवर बसलेले चार कण फोटोत दिसतही नाहीत, कारण ते फोकसच्या इतके बाहेर असतात की त्यांची प्रतिमाच बनत नाही. दिसतात ते सेन्सरवरचे, आणि ते साफ करता येतात. चपळाई हवी असेल तर थोडी धूळ सोसावी लागेल, असा हा सौदा आहे, आणि मला तो पटतो. न पटणाऱ्याने बंद नळीची लेन्स घ्यावी, वजन मात्र सोसावं.

आता एक अगदी बारीक जागा. फोकसच्या अंतराची छोटी खिडकी आहे, तिच्याखाली पट्टी सरकते, आणि पट्टीच्या टोकाला अनंताचं चिन्ह आहे. त्याच्यापाशी एक आडवी-उभी रेघ आहे, इंग्रजी एल अक्षरासारखी. साध्या तापमानाला उभी रेघ खुणेसमोर आली की अनंत. तापमान बदललं की काचा आणि नळी प्रसरण किंवा आकुंचन पावतात आणि अनंताची जागा हलते. म्हणून आडव्या रेघेइतकी मोकळीक ठेवली आहे. दूरच्या कड्यावर हाताने फोकस करताना पट्टी टोकाला नेऊन आदळायची नाही, डोळ्यांनी बघून थांबायचं. धाराशिवचा मे महिना ज्याने काढलाय, पारा चाळिशीच्या वर गेलेला ज्याने पाहिलाय, त्याला या रेघेचा अर्थ पटकन कळतो. कारखान्यात बसलेल्या कुणीतरी उन्हाचा विचार करून अनंताला जागा सोडली आहे. लेन्सचा पांढरा रंगही त्यासाठीच. आत फ्लोराइटचा एक भाग आहे, आणि फ्लोराइट काचेपेक्षा उष्णतेने जास्त फुगतं. निसर्गात त्याचे मोठे, निर्मळ स्फटिक मिळणं कठीण, म्हणून कॅननने ते भट्टीत वाढवायचं तंत्र बसवलं आणि १९६९ मध्ये आपल्या ३०० एमएमच्या लेन्समध्ये ते वापरलं. त्याचं काम एकच, लाल-निळे किरण शक्य तितके एका बिंदूवर आणणं. उन्हाळ्यात पानं झडलेल्या फांद्या पांढऱ्या आभाळावर टिपल्या की साध्या लेन्समध्ये त्यांच्या कडांना जांभळी-हिरवी झालर लागते. इथे ती फार कमी दिसते. निष्पर्ण फांद्यांमागचं आभाळ हा रामलिंगचा सहा महिन्यांचा विषय आहे. मला तर हा एक भागच अर्ध्या किमतीचा वाटतो.

‘आयएस’ या शेवटच्या दोन अक्षरांबद्दल थोडक्यात. कॅननने हात स्थिर ठेवणारी ही योजना १९९५ मध्ये ७५–३०० लेन्समध्ये पहिल्यांदा आणली, ही लेन्स त्याच्या मागोमागची. शटर अर्धं दाबलं की आतून खर्र आवाज येतो, क्षणभर चित्र डोलतं आणि मग स्थिर होतं. फायदा सुमारे दोन पायऱ्यांचा, म्हणजे जिथे १/४०० लागायचा तिथे १/१०० चालून जातो. हे फक्त आपल्या हाताबद्दल. माकड हललं तर ते हललेलंच येणार. आणि स्टँडवर ठेवली की ही योजना बंद करावी लागते, नाहीतर ती नसलेला थरथराट शोधत बसते. जुनी लेन्स घेताना हा आवाज नीट ऐकावा. सलग खर्र असेल तर ठीक, टकटक असेल किंवा चित्र उडी मारत असेल तर बेत सोडून द्यावा, कारण दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो.

उणिवा लपवून रसग्रहण होत नाही. चारशेवर, ५.६ला, कडा किंचित मऊ येतात. ८वर गेलं की सुधारतात. मागची धूसर पार्श्वभूमी साधी असेल तर छान विरघळते, पण वाळक्या काटक्यांचं जाळं असेल तर प्रत्येक काटकी दुहेरी होऊन कुरबुरते. आपल्याकडचं रान नेमकं काटक्यांचं. हा दोष इथे लंडनच्या बागेपेक्षा जास्त नडेल. माउंटपाशी पाणी अडवणारी रबरी कडी नाही, म्हणून श्रावणात धबधब्याच्या तुषारांत ती उघडी नेता येणार नाही. पुढे स्वस्त संरक्षक फिल्टर लावला तर चारशेवर चित्र ठिसूळ होतं, आणि लग्नाच्या कामातल्या बहुतेक लेन्सवर तो लावलेला असतोच. पहिली चाचणी फिल्टर काढून करावी. कितीतरी चांगल्या लेन्स त्या पाचशे रुपयांच्या काचेमुळे नापास झाल्या असतील.

लेन्सवर मालकाच्या हातानेही लिहिलेलं असतं. पांढरा रंग तळव्याच्या जागी घासून करडा झालाय, हूड हरवलाय, स्टँडच्या कॉलरचा स्क्रू कुणीतरी पकडीने पिळलेला आहे. विकणारा थोडा ओशाळून म्हणाला, “दादा, वरून लई घासलीय, पण आतून बघा की एकदा.” त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की घासलेली आहे म्हणूनच ती बघण्यासारखी आहे. लेन्सला सगळ्यात वाईट ते कपाटात पडून राहणं. दमट हवेत, चामडी खोक्यात, अंधारात बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवर पसरतात आणि लेप खाऊन टाकतात. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली चकचकीत, ‘दोनदाच वापरलेली’ लेन्स म्हणून जास्त संशयाने बघावी. वापरातल्या लेन्सला ऊन-वारा मिळतो. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारून मी आत पाहिलं. धूळ होती, तंतू नव्हते. मागच्या काचेवर ओरखडा नाही. मागच्या काचेवर ओरखडा चालत नाही, पुढच्यावरचा एखादा चालतो. मग बॉडीवर लावून ८ आणि ११ला डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून पुढून पाहिलं. पाती सारखी मिटत होती. या लेन्सची अ‍ॅपर्चरची केबल कधीकधी तुटते, तेव्हा ५.६ला सगळं ठीक आणि ८ला गेलं की बॉडी एरर दाखवते. फक्त पूर्ण उघडी ठेवून दोन फोटो काढून लेन्स विकत घेणारा इथेच फसतो.

माउंटजवळ, मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत आणखी एक मजकूर सापडला: यू, व्ही, आणि मग ०७ने सुरू होणारे चार अंक. यू म्हणजे जपानमधला उत्सुनोमियाचा कारखाना. व्ही हे वर्षाचं अक्षर, ए म्हणजे १९८६ धरून मोजत गेलं की २००७ येतं. ०७ म्हणजे जुलै. जुलै २००७मध्ये जपानात जोडलेली लेन्स आज बालाघाटातल्या लग्नांतून फिरून माझ्या टेबलावर आली आहे, आणि दरम्यान तिच्यात काहीही न बदलता ती सुधारली आहे. हे शब्दशः खरं आहे. हे मॉडेल १९९८ मध्ये निघालं तेव्हा काळ फिल्मचा होता. शंभर आयएसओची फिल्म, ५.६चं अ‍ॅपर्चर आणि घळीतला पावसाळी उजेड, एवढ्यावर उडता पक्षी टिपणं अशक्यच. आजची साधी बॉडीही ३२०० आयएसओला सुसह्य चित्र देते, म्हणजे पाच पायऱ्यांचा उजेड फुकट मिळाला. तेव्हा जिथे १/३० मिळायचा तिथे आता जवळजवळ १/१००० मिळतो. ५.६ या आकड्याची निंदा ज्या काळात झाली तो काळ मागे पडला. भर एवढीच की २०१८ पासून कॅननच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या मिररलेस बॉडी आल्या, व्यावसायिक तिकडे वळले, ईएफ माउंटच्या लेन्सच्या किमती उतरल्या, आणि अ‍ॅडॉप्टर लावला की याच लेन्स नव्या बॉडीवरही चालतात.

लांब लेन्स कशासाठी, हा प्रश्न मात्र पैशांच्या आधीचा आहे. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांताराम यांनी राजगुरूच्या भूमिकेतल्या चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दाखवला. भारतीय चित्रपटात टेलिफोटो लेन्स पहिल्यांदा आली ती याच चित्रपटात, अशी नोंद सापडते. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतरचा तो पहिला मोठा चित्रपट. प्रेक्षक त्या डोळ्याने हादरला, कारण इतक्या जवळ गेल्यासारखं वाटूनही तो स्वतःच्या खुर्चीतच होता. लांब लेन्सची ताकद ही अशी. पाय जिथे आहेत तिथेच राहतात आणि नजर पुढे जाते. रामलिंगला वरच्या कठड्यापाशी उभं राहून चारशेवर कळस टिपला की मागचा कडा कळसाला चिकटून उभा राहतो. हे लेन्स करते असं लोक म्हणतात. खरं तर दूर उभं राहिल्यामुळे ते होतं. तिथूनच शंभरावर काढून मधला तुकडा कापला तरी कळस आणि कडा तसेच चिकटलेले दिसतील, फक्त चित्र भरड येईल. पायांनी नातं ठरतं, लेन्स त्याची चौकट ठरवते. हे एकदा डोक्यात बसलं की झूम आळशी माणसाचं साधन राहत नाही. आधी उभं कुठे राहायचं ते ठरवावं, मग नळी सरकवावी. चारशेवर कोन जेमतेम सहा अंशांचा, शंभरावर चोवीसचा, तोही पूर्ण आकाराच्या सेन्सरवर. माझ्या बॉडीवर तर चारशेला चारच अंश. चार अंशांत एक कळस, एक घार किंवा एक माकड मावतं. दोन गोष्टी एकदम सांगायची सोय नाही, आणि मला ही शिस्त आवडते.

डिसेंबर २०२४ मध्ये वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये इथे वाघ दिसला, यवतमाळच्या टिपेश्वरमधून शेकडो किलोमीटर चालत आलेला. त्यानंतर माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी मोठ्या लेन्सची चौकशी सुरू केली. त्यांना मी मनापासून सांगितलं की त्या वाघासाठी लेन्स घेऊ नका. त्याचा जो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला तो झाडाला बांधलेल्या, माणूस जवळ नसलेल्या छोट्या पेटीने काढलेला आहे. वाघ तिच्या अगदी जवळून गेला, कारण तिथे कुणी नव्हतं. चारशेच काय, सहाशे एमएमची लेन्सही माणसाला ती अनुपस्थिती देऊ शकत नाही. ज्यांना फक्त पल्ला हवा त्यांच्यासाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०–६०० आहेत, वजनाने दोन किलोच्या आसपास, आणि वापरलेल्या मिळतातही. पण त्या लेन्स १५०वर थांबतात, आणि रामलिंगच्या देवळाच्या आवारात दीडशेवर माकडाचा फक्त चेहरा येतो, त्याच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू कापलं जातं.

माझा निर्णय त्या पिल्लाने केला. काल चाचणी म्हणून भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून चारही कोपरे तपासले होते, उजवा वरचा कोपरा किंचित मऊ आहे, चालण्यासारखा. मग देवळापाशी नेली. एक मादी कठड्यावरून उतरत आली, मी चारशेवर तिचे डोळे धरले, ती उडी मारून जवळ आली, हात मागे आला आणि शंभरावर ती पिल्लासकट चौकटीत होती. फोटो फार मोठा नाही, पिल्लाचा एक कान हललाय. पण ती हालचाल माझ्या हातात आधीपासूनच होती, शिकावी लागली नाही.

लेन्स मी घेतोय. विकणाऱ्याला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: नवीन ईटी-८३सी हूडची किंमत वजा करायची, कॉलरचा स्क्रू त्याने बदलून द्यायचा, आणि नळी अडते ती धूळ साफ करायचा खर्च दोघांनी अर्धा-अर्धा करायचा. पहिल्या दोन त्याने मान्य केल्या, तिसरीवर बोलणी चालू आहेत.